गाठ लहान, जागा अवघड

मेंदूत गाठ आहे असे कळले की पहिला प्रश्न येतो, ‘कॅन्सरची आहे का?’ आणि दुसरा, ‘केवढी आहे?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मेंदूच्या बाबतीत आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो: ‘कुठे आहे?’ तो का, हे पाहण्यासाठी आपण एका दुर्मीळ गाठीचे उदाहरण घेऊ.

तिचे नाव कोलॉइड सिस्ट. मेंदूतल्या शंभर गाठींत अशी एखाद-दुसरीच सापडते. पातळ आवरणाची पिशवी आणि आत जेलीसारखा चिकट पदार्थ, एवढेच तिचे स्वरूप. ती कॅन्सरची नसते, शरीरात पसरतही नाही. तरीही बोराएवढी सिस्ट क्वचित काही तासांत माणसाचा जीव घेऊ शकते.

मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा मस्तिष्क-मेरुद्रव सतत पाझरतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे तासाला वीसएक मिलिलिटर. तो पोकळ्यांतून वाहत मेंदूच्या बाहेर येतो आणि रक्तात शोषला जातो. त्यामुळे एका वेळी साठा असतो फक्त १५० मिलिलिटरच्या आसपास.

डाव्या व उजव्या पोकळीतला द्रव दोन लहान छिद्रांतून मधल्या, म्हणजे तिसऱ्या पोकळीत उतरतो. कोलॉइड सिस्ट नेमकी या छिद्रांपाशी वाढते. न्हाणीघराच्या मोरीत बोळा अडकला आणि नळ चालूच राहिला तर जे होते, तेच इथे होते. फरक इतकाच, की इथे पाण्याला पसरायला जागा नाही. मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. आत द्रव वाढला की मेंदूवर दाब येतो. कवटी हे बंद पात्र आहे, ही गोष्ट एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली मांडली. या छिद्रांनाही त्यांचेच नाव आहे.

दाब वाढला की डोके दुखते, उलट्या होतात, दिसणे अंधुक होते. कधी स्मरणशक्ती मंदावते, चाल बिघडते. त्रास येतो-जातो, म्हणून तो मायग्रेन समजला जाण्याचा धोका असतो. दुर्बिणीसारख्या साध्या उपकरणातून डोळ्याच्या आत पाहिले, तर दृष्टिचेतेच्या मुळाशी आलेली सूज डॉक्टरांना बरेचदा दिसते.

साध्या क्ष-किरण चित्रात मात्र ही सिस्ट ओळखू येत नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची रीत सांगितली. रुग्णाला ती फार त्रासदायक होती. १९२१ मध्ये त्यांनीच अशी सिस्ट शस्त्रक्रियेने प्रथम काढली. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले आणि कवटी न उघडता आतले दिसू लागले. आज सीटी व एमआरआयमध्ये ही सिस्ट सहसा स्पष्ट दिसते. वाट तुंबलेली असताना पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढणे धोक्याचे असते. खालचा दाब एकदम उतरला तर मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून आधी स्कॅन.

औषधाने ही सिस्ट विरघळत नाही. ती लहान असेल, त्रास नसेल आणि पोकळ्या फुगलेल्या नसतील, तर ठरावीक काळाने एमआरआय करून नजर ठेवतात. नाही तर शस्त्रक्रिया करतात: कवटी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली, किंवा लहान छिद्रातून दुर्बिणीने. रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी नळी घालून द्रवाला वाट करून देतात. छिद्रांना लागूनच आठवणींशी संबंधित तंतूंचा जुडगा असतो. त्याला धक्का लागू नये, हे सर्जनचे खरे कौशल्य.

कोलॉइड सिस्ट बहुधा प्रौढांत आढळते, पण तुंबलेल्या द्रवाचा दाब मुलांतही इतर गाठींमुळे वाढू शकतो. वर्गातल्या बहुतेक डोकेदुख्या भूक, जागरण, ताप किंवा चष्म्याच्या नंबराच्या असतात. घाबरण्याचे कारण नाही. मात्र सकाळी उठताच डोके दुखणे, सोबत उलट्या, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, आणि हे सारे आठवड्यागणिक वाढत जाणे, असे दिसले तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगावे. आणि तीव्र डोकेदुखीनंतर मूल गुंगू लागले तर ‘झोपले की बरे वाटेल’ असे म्हणून थांबू नये. त्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.