अक्कलदाढ काढली, पण ओठ अजून बधिर: थांबायचं किती आणि विचारायचं कधी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय अक्कलदाढ. म्हणजे दाढ काढून झाली, टाकेही निघाले, तरी दुखणं किंवा बधिरपणा जात नाही, तेव्हा आत काय चाललेलं असतं?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डहाणूतल्या मसोलीत राहतो. माझी खालची डावी दाढ काढल्यावर अर्धा ओठ आणि हनुवटी अकरा आठवडे बधिर होती. त्या काळात डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, दुखणं आणि बधिरपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी दुखणं बघू. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती हाडावरचं झाकणच असते. ती सुटली की हाड उघडं पडतं. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. ओळखायचं कसं? दुखणं कमी होत जायच्या ऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढतं, कानापर्यंत ठणकतं, तोंडाला वास येतो. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बहुतेकदा आठ-दहा दिवसांत आराम पडतो. सिगारेट आणि तंबाखूने हा धोका वाढतो, त्यामुळे मिसरी लावणाऱ्यांनीही ती लांबच ठेवावी. घरच्या घरी लवंगेचं तेल खड्ड्यात ओतू नका, त्याने आतली कातडी भाजू शकते.

सूज तीन दिवसांनंतरही वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही किंवा श्वासाला त्रास होतोय? मग वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता बधिरपणा. भुलीच्या इंजेक्शनचा असर साधारण काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर कारण बहुधा नस. खालच्या दाढेपाशी दोन नसा महत्त्वाच्या. एक जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून जाते आणि ओठ-हनुवटीची जाणीव आणते. दुसरी आतल्या बाजूने जिभेकडे जाते, तिला धक्का बसला तर जीभ बधिर होते आणि चवही बिघडते. दोन्ही नसा जाणिवेच्या आहेत, हालचालीच्या नाहीत. म्हणून हा लकवा नव्हे. मीटिंगमध्ये माझ्या बोलण्यावरून कुणाला काही कळायचं नाही, पण हनुवटीवर चहा ओघळला तरी मला पत्ता नसायचा.

हर्बर्ट सेडन या सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले, ते अजून वापरात आहेत. केबलचं उदाहरण घ्या. केबल नुसती दबली, तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत सिग्नल परत येतो. आतली तार तुटली पण वरचं वेष्टण शाबूत आहे, तर तार त्याच वेष्टणातून पुन्हा वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर वाढायलाच दोन महिने! अख्खी केबल तुटली, तर ती आपोआप नीट जुळणं कठीण. बहुतेकांचा त्रास पहिल्या दोन प्रकारांतला असतो आणि तो जातो. पण पहिल्या दिवशी तिन्ही प्रकार सारखेच वाटतात. फरक कळतो तो तारखांवरून.

म्हणून नोंद ठेवा. डोळे मिटून कापसाच्या बोळ्याने हळू स्पर्श करत जा, जिथे जाणीव थांबते तिथे पेनाने खूण करा आणि तारखेसह फोटो काढा. दर आठवड्याला हेच करा. बधिर भाग आक्रसतोय, मुंग्या येतायत, तर बहुधा नस जागी होतेय. माझ्या फोटोंत पाचव्या आठवड्यापासून तो भाग लहान होत गेला.

काहीच फरक नसेल तर? जीभ तीन महिन्यांनंतरही पूर्ण बधिर असेल तर मुख-शल्यचिकित्सकाला दाखवायलाच हवं. नस दुरुस्त करायची शस्त्रक्रिया वेळेत केली तर फायद्याची शक्यता जास्त. ओठासाठीही तोच हिशोब धरा, सहा महिने नुसते बसून काढू नका. आणि हलक्या स्पर्शानेही करंट बसल्यासारखं किंवा जळजळ होत असेल, तर ते नसेचं दुखणं. त्यावर नेहमीच्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही, औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरच देतील. तोवर चहा आधी चांगल्या बाजूने चाखा आणि जेवताना ओठ सांभाळा.

दाढ काढायची बाकी असेल तर एक्स-रे बघताना विचारा, ‘मुळं नसेला चिकटलीयत का?’ तसं दिसलं तर थ्रीडी स्कॅन करतात. कधीकधी दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवतात.

आमच्याकडून मोठ्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबई. नायरचं दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे ‘होईल बरं’ म्हणत आठवडे निघून जातात. पण दुसऱ्या दिवशी बधिरपणा कायम असेल, तर दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना फोन करायला प्रवास लागत नाही. तो फोन करा आणि त्यांच्या कागदावर तारखेसह नोंद करून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्याच तारखेपासून सुरू होतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!