गळ टाकायला कुठे बसावं? निवृत्तीचं गाव निवडण्याविषयी

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलची सवडीची कल्पना पाहिली. माणूस काम करतो ते सवड मिळावी म्हणून, आणि करमणूक म्हणजे सवड नव्हे. करमणूक हा पुन्हा कामाला लागण्यासाठी घेतलेला विसावा असतो, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर जी पत्रं आली त्यांत ॲरिस्टॉटलविषयी एकच प्रश्न होता. बाकी सगळे विचारत होते की सर, तुम्ही पुणं सोडून वेंगुर्ल्याला राहायला गेलात, ते गाव कसं निवडलंत, महिन्याला खर्च किती येतो, आणि मासे खरंच लागतात का. तेव्हा आज त्याच विषयावर बोलू. आमच्या मते हा विषयसुद्धा तत्त्वज्ञानाच्या बाहेरचा नाही.

सुरुवात मनुस्मृतीपासून करतो. आपलं केस पिकलेत, कातडी सुरकुतलीय आणि नातवाचं तोंड पाहिलंय, असं झालं की गृहस्थानं अरण्यात जावं, असं सहाव्या अध्यायात सांगितलंय. पुढच्याच श्लोकात बायकोची सोय आहे: तिला मुलांच्या स्वाधीन करावं किंवा बरोबर घेऊन जावं. तिला विचारावं, असं काही तिथे नाही. हसू नका, कारण आम्हीही जवळजवळ तेच केलं होतं. गळाचा नाद आमचा. लहानपणी आजोळी खाडीवर गरवायला शिकलो, नोकरीची चौतीस वर्षं तो नाद दाबून ठेवला, आणि निवृत्त झाल्यावर नकाशा पसरून बसलो. सौ. म्हणाल्या, 'मासे कुठे आहेत ते तुम्ही बघा. भाजी, डॉक्टर आणि बोलायला माणसं कुठे आहेत ते मी बघते.' आम्ही मान डोलावली आणि फक्त मासेच बघितले.

कोकण किनाऱ्यावरची पाच गावं आम्ही पाहिली. अलिबाग उत्तम. रायगडचा जिताडा तर जगात नाही असं तिथले लोक सांगतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्तीही नाही. पण मुंबईच्या पैशाला अलिबाग फार जवळ आहे, आणि मार्च 2020 मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाल्यापासून तर अधिकच. पेन्शनवाल्यानं तिथे जमिनीचे भाव विचारू नयेत. दापोलीची हवा छान आहे, कृषी विद्यापीठामुळे गावाला एक शहाणपणही आहे. पण दापोली डोंगरावर आणि समुद्र खाली हर्णैला. रोज घाट उतरायचा आणि चढायचा. साठाव्या वर्षी ते ठीक, ऐंशीव्या वर्षी काय? रत्नागिरीत जिल्ह्याच्या गावाच्या सगळ्या सोयी आहेत आणि जिल्ह्याच्या गावाची गर्दीही. मालवण आम्हाला मनापासून आवडलं होतं. तिथे अडचण पर्यटनाची. ज्या गावात खोली रात्रीच्या हिशेबानं भाड्यानं जाते, तिथला घरमालक महिन्याच्या भाडेकरूला का ठेवील? राहिलं वेंगुर्लं. जेमतेम बारा हजार वस्ती, पण नगरपालिकेचं गाव. बाजार, बँका, वाचनालय सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. मांडवी खाडी, बंदराचा धक्का, दीपगृहाखालचे खडक, आणि दक्षिणेला मोचेमाड, शिरोडा, तेरेखोलपर्यंत एकामागून एक खाड्या. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं शिकवत होते. मास्तरकी करणाऱ्याला या भागात परकं वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतला.

आता मासे. 'जवळ चांगली मासेमारी' म्हणजे बाजारात ताजे मासे मिळणं नव्हे. नुसत्या गरीच्या आणि दोरीच्या जोरावर, किनाऱ्यावर उभं राहून, होडीशिवाय, वर्षातले किती दिवस आपण पाण्याशी काही देवघेव करू शकतो, हा प्रश्न आहे. त्यासाठी उघड्या समुद्रापेक्षा खाडीचं तोंड बरं. गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं तिथे तांबोशी, काळुंदर, बोय, पालू, आणि नशीब असेल तर चोणक, म्हणजे तोच तुमचा जिताडा. पुळणीवर मुडदुशा. आमिषाला जिवंत कोळंबी मिळाली तर प्रश्नच नाही.

खाडीचं घड्याळ भिंतीवरचं नसतं, तिथीचं असतं. कोकणात प्रत्येक गरवणाऱ्याला एक हिशेब पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. एक भरती सकाळची, दुसरी त्यानंतर साडेबारा तासांच्या आत. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण धक्क्यावर कधी जाऊन बसायचं हे कळायला पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याला ओढ. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. आम्ही पहिले सहा महिने आमच्या सवयीप्रमाणे चहा झाला की निघायचो. धक्क्यावरचे एक म्हातारबुवा रोज शांतपणे सांगायचे, 'सरांनू, भांगाचा पाणी आसा, आज काय गावाचा नाय.' चौतीस वर्षं कांटचं 'काल' शिकवलेल्या माणसाला वेळ कशी मोजतात हे तिथे शिकावं लागलं.

आणि पावसाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बाजार ओस पडतो, खाडी गढूळ होते, दर्या खवळलेला. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून शेतात चढतात, लोक ते हौसेनं पकडतात. आम्ही पकडत नाही. अंडी घालायला निघालेला मासा आहे तो. पण हे आमचं मत, शेजाऱ्यांना आम्ही ते ऐकवत नाही.

इथे एक चिनी गोष्ट सांगायलाच हवी. चुआंग त्झू आणि त्याचा तर्कशास्त्री मित्र हुई त्झू हाओ नदीच्या पुलावर उभे असतात. चुआंग म्हणतो, मासे बघ कसे मजेत आहेत. हुई विचारतो, तू मासा नाहीस, तुला कसं कळलं? वाद बराच रंगतो, आणि शेवटी चुआंग म्हणतो की मला ते इथून, या पुलावरून कळलं. हे आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवलं असेल. पण डिसेंबरमध्ये चार दिवस कोकणात येऊन आम्ही दोघंही म्हणालो होतो, 'इथली माणसं किती सुखात आहेत!' कसं कळलं? हॉटेलच्या गच्चीवरून. जुलैत तिथे उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुलपं गंजतात, पुस्तकांना बुरशी येते (आमचा अर्धा हेगेल त्यात गेला, विद्यार्थ्यांना दुःख होणार नाही), वीज जाते ती दुसऱ्या दिवशी येते.

तर जुलैचीच गोष्ट. आम्ही पहिलं घर घेतलं ते गावापासून पाच किलोमीटरवर, खाडीला लागून. भाडं चार हजार. मागच्या दारातून उतरलं की पाणी. शेजारचं घर नारळीच्या बागेपलीकडे, आणि त्याला कुलूप, कारण मालक मुंबईला. एका रात्री दीडच्या सुमाराला सौ.ना धाप लागली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पाऊस असा की हाक दहा पावलांवर पोचू नये. तेव्हा आमचं वय अडुसष्ट. त्या पावसात गाडी चालवायचा आम्हाला धीर झाला नाही. विजेरी घेऊन बागेतून पलीकडच्या वाडीपर्यंत चालत गेलो, एका रिक्षावाल्याला उठवलं. तो लुंगीवरच निघाला. तालुक्याच्या रुग्णालयात प्राणवायू लावला, पहाटे तिथून गोव्याला बांबोळीला नेलं. छातीत पाणी झालं होतं. नऊ दिवसांनी घरी आलो. त्या नऊ दिवसांत आम्हाला कळलं की आम्ही घर निवडताना पाण्यापर्यंतचं अंतर पावलांत मोजलं होतं आणि माणसांपर्यंतचं मोजलंच नव्हतं. सौ. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आत आम्ही बाजाराजवळ राहायला आलो. भाडं जास्त, आता साडेसात हजार आहे. दोन्ही बाजूंना घरं, भिंतीला भिंत नाही पण हाकेला हाक आहे. धक्का वीस मिनिटांवर, चालत. सौ.चं वाचनालय सात मिनिटांवर. गाव निवडायला आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही आता एवढंच सांगतो: गाडी नाही असं समजा, दोघांपैकी एकच जण आहे असं समजा, आणि जुलै आहे असं समजा. मग नकाशा पसरा.

स्वस्ताईचा हिशेब करू. घरभाडं पुण्याच्या मानानं नक्कीच कमी. मासे मात्र स्वस्त नाहीत. सुरमई, सरंगा जातो हॉटेलांना आणि परदेशी. आपल्या वाट्याला हंगामात बांगडा, तारली, आणि ती उत्तमच लागते. गळानं धरलेला मासा फुकट असतो असंही समजू नका. आम्ही एका वर्षाचा दांडी, दोरी, गऱ्या आणि आमिष यांचा खर्च मांडला होता. तेवढ्यात वर्षभर दर रविवारी सुरमई आली असती. तो कागद आम्ही फाडून टाकला.

प्रवासाचा खर्च हा म्हातारपणीचा मोठा खर्च. एसटी ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत आहे, 65 ते 75 अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. म्हणजे आम्ही फुकट आणि सौ. अर्ध्या तिकिटात, राज्याच्या हद्दीपर्यंत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये गेली ती गेलीच. त्यामुळे एसटी स्टँड जवळ असलेलं गाव रेल्वे स्टेशन जवळ असलेल्या गावापेक्षा आम्हाला स्वस्त पडतं. औषधपाण्याचं म्हणाल तर ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, उत्पन्न कितीही असो. पण त्या यादीतलं रुग्णालय आपल्या गावापासून किती तासांवर आहे, हे जाऊन विचारा. कार्ड खिशात आणि रुग्णालय चार तासांवर, असं होऊ देऊ नका.

घर विकत घ्यावं का? पहिली दोन वर्षं नाही. आम्ही विहिरीसकट एका जुन्या घराला बयाणा देऊन बसलो होतो. सातबारा काढला तर त्यावर तेवीस नावं. काही मुंबईला, एक अहमदाबादला, दोघांचा पत्ता कोणालाच माहीत नाही. बयाणा परत मिळायला चौदा महिने लागले. दुसरं असं, की शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. तुम्ही शेतकरी नसाल तर बिनशेती झालेलीच जागा बघा. आणि 'पाण्याला लागून' अशी जाहिरात दिसली की आधी सीआरझेड विचारा. 1991 पासून भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येतं याचे नियम आहेत, ते मध्ये बदललेही आहेत. दलाल सोयीचा नियम तेवढा सांगतो. त्यापेक्षा अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, आणि तो एप्रिलमध्ये करा, म्हणजे पावसाळा आपोआप आत येतो.

समुद्र ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी एक वाक्य: उजनीच्या काठी भिगवण-इंदापूरकडे चिलापी, कटला भरपूर, हवा कोरडी, पुणं जवळ. पण धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. एका ताईंनी लिहिलंय: 'यजमानांना मासे पकडायचे आहेत, मला पुणं सोडायचं नाही. काय करावं?' ताई, मनुस्मृतीतले दोन पर्याय तुम्ही ऐकलेत. आमच्या ओळखीत एका जोडप्यानं तिसरा काढलाय: ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी कोकणात भाड्यानं, ती पुण्यात, आणि दर पंधरा दिवसांनी कोणीतरी एक एसटीत बसतो. तीन वर्षं चाललंय. तो माणूस मासे पुण्याला बर्फातून पाठवायचा. तिनं कळवलं, मासे नकोत, फोन करत जा.

दुसरी चिठ्ठी: 'शहरातला फ्लॅट विकून पैसे गुंतवावेत का?' आम्ही विकला नाही. भाड्यानं दिलाय, त्याच्या भाड्यात इथलं भाडं सुटून वर थोडं उरतं. सौ.ना परत जावंसं वाटलं तर भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस पुरते. दर वर्षी मे महिन्यात आम्ही त्यांना विचारतो, अजून वर्षभर राहू या का? या वर्षी त्या म्हणाल्या, 'पावसाळा संपल्यावर सांगते.'