विश्लेषण : अंदमानच्या सहकुटुंब सहलीत घड्याळाचे गणित का महत्त्वाचे?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत अंदमानचा विषय निघतो. सोबत आजी-आजोबा आणि लहान मुले असतील, तर ही सहल सुखाची होणे हॉटेलपेक्षा वेळापत्रकावर अवलंबून असते.

दिवस लवकर का मावळतो?

अंदमान ठाण्याच्या बरेच पूर्वेला आहे. घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे तेथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दहा वाजता न्याहारी करून निघणाऱ्यांच्या हाती जेमतेम अर्धा दिवस उरतो. सकाळी लवकर समुद्र, दुपारी विश्रांती आणि साडेतीनला पुन्हा किनारा, हा क्रम मुलांनाही झेपतो.

कोणासाठी काय?

श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील सेल्युलर जेल सर्वांनी पाहावे. स्वातंत्र्यवीर सावरकर यांना १९११ मध्ये येथे आणण्यात आले. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्यांचा विचार करावा. सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बसून पाहता येतो. नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर (पूर्वीचे रॉस) ब्रिटिशकालीन अवशेषांत हरणे आणि मोर फिरतात. तेथे मुले रमतात. स्वराज द्वीपावरील (हॅवलॉक) राधानगर किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. शहीद द्वीपावरील (नील) नैसर्गिक खडक-पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो, पण खडक निसरडे असतात. पोहता न येणाऱ्यांना तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ पाहता येतात. स्कूबासाठी साधारण दहा वर्षे ही किमान वयोमर्यादा मानली जाते.

मे महिन्यात जावे का?

मोसमी पाऊस साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानात पोहोचतो, म्हणजे आपल्याकडे येण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी. मुलांच्या सुट्टीत जायचे तर मेचा पहिला पंधरवडा बरा. समुद्र खवळला की बेटांमधील बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच श्रीविजयपुरमला मुक्कामी यावे. एका रद्द बोटीमुळे अख्ख्या कुटुंबाची तिकिटे वाया जाऊ शकतात.

काय टाळावे?

काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचा धोका असतो. फलक वाचूनच पाण्यात उतरावे. बोटीत लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. प्रवाळाचे तुकडे घरी आणू नयेत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. बाराटांगच्या रस्त्यावर जारवा राखीव क्षेत्र लागते. तेथे छायाचित्रे काढणे, खाऊ देणे हा गुन्हा आहे. ती माणसे आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, एवढे मुलांना निघण्याआधीच सांगावे.