डास वाढले म्हणजे डेंग्यू वाढला का? ऋतूप्रमाणे बदलणारे डास कसे ओळखावेत

डेंग्यूच्या रुग्णाचे नातेवाईक बऱ्याचदा म्हणतात, "डॉक्टर, आमच्याकडे डासच नाहीत, मग डेंग्यू कसा झाला?" याउलट फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी दारे-खिडक्या उघडणे कठीण झाले, की "आता घरात सगळ्यांना डेंग्यू होणार" अशी भीती वाटू लागते. दोन्ही वेळा अंदाज चुकतो. कारण आपण डास किती आहेत हे पाहतो, कोणते आहेत हे पाहत नाही.

डासांची संख्या वर्षभर कमी-जास्त होत असते. पण प्रत्येक जातीचा हंगाम वेगळा असतो आणि प्रत्येक जातीमुळे होणारा आजारही वेगळा. हा फरक समजला, तर घरातला ताप वेळेवर ओळखायला मदत होते.

घराभोवती आढळणारे तीन प्रकारचे डास

क्युलेक्स : हा गटारे, नाले, सेप्टिक टँक अशा घाण पाण्यात वाढतो. सूर्यास्तानंतर आणि रात्री चावतो. कानाशी गुणगुणून झोपमोड करणारा बहुतेक वेळा हाच असतो. याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, डेंग्यू नाही.

एडिस : आकाराने लहान, काळा, पायांवर पांढरे पट्टे. याच्यामुळे डेंग्यू आणि चिकनगुनिया होतो. हा घरातल्या व अंगणातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपारनंतर अंधार पडेपर्यंत. तो फारसा आवाज न करता टेबलाखाली पायाच्या घोट्याला चावून जातो.

ॲनोफिलीस : हा मलेरिया पसरवतो आणि रात्री चावतो. शहरात तो उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. भिंतीवर बसताना शरीराचा मागचा भाग वर उचलून तिरका बसतो.

ऋतूप्रमाणे संख्या का बदलते?

पावसाळा संपल्यावर नद्या-नाल्यांचा प्रवाह मंदावतो. सांडपाणी साचते, काही ठिकाणी जलपर्णी वाढते. थंडी ओसरून ऊब आली, की या साचलेल्या पाण्यात क्युलेक्सची झपाट्याने वाढ होते. पुण्यात मुळा-मुठेच्या काठच्या वस्त्यांना हिवाळ्याच्या शेवटी डासांचा त्रास होतो, तो यामुळेच. त्रास मोठा असतो, पण केवळ तेवढ्यावरून डेंग्यूची साथ आली असे म्हणता येत नाही.

जुलैतल्या मुसळधार पावसात नाले वाहू लागतात आणि क्युलेक्सच्या अळ्या वाहून जातात. संध्याकाळचा त्रास कमी होतो. लोकांना वाटते, डास गेले. पण याच काळात गच्चीवरची ताडपत्री, जुने टायर, नारळाच्या करवंट्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पावसाचे स्वच्छ पाणी भरत असते. एडिसची मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. त्यामुळे ऊन-पावसाच्या दिवसांत एडिस वाढतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत डेंग्यूचे रुग्ण जास्त दिसतात.

पाणीटंचाईच्या भागात मात्र भर उन्हाळ्यातही धोका असतो. आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येत असेल, तर पिंप, रांजण आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. उबदार हवेत एडिसच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे पुढचे पाणी येईपर्यंत घरातच नवे डास तयार होऊ शकतात.

थोडे डासही पुरेसे असतात

एडिस सहसा जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. त्यामुळे घरात डेंग्यू झाला, तर डासांची जागा बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरातच असते. रक्त पिताना हात हलवला, तर मादी उडते आणि दुसऱ्याला चावते. म्हणून एकाच घरातले दोन-तीन जण पाठोपाठ आजारी पडू शकतात. त्यासाठी डासांचे थवे लागत नाहीत.

घरी काय लक्षात ठेवावे?

जून ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन शब्दांची नोंद करा.

- डास दिवसा चावतात की रात्री?
- पायांवर पांढरे पट्टे असलेला डास दिसला का?
- पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, फुलदाणी यांत वळवळणाऱ्या अळ्या आहेत का? टॉर्च लावून पाहा.
- घरात, शेजारी किंवा मुलांच्या शाळेत कोणाला ताप आला आहे का?

अळ्या दिसल्या तर पाणी जमिनीवर ओता, गटारात नको. भांडे आतून घासा, कारण नुसते पाणी ओतल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत. हाच आठवड्याचा 'कोरडा दिवस'. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाईपला जाळी बांधा. रिकामी करता येत नाही अशा टाकीसाठी स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांकडे गप्पी मासे किंवा अळीनाशकाबद्दल विचारा. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतात. म्हणून फवारणी झाली तरी कोरडा दिवस चुकवू नका.

दिवसा झोपणारी बाळे, गरोदर स्त्रिया आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्यासाठी मच्छरदाणी दिवसाही वापरा.

ताप आल्यावर ही माहिती डॉक्टरांना सांगा

डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो. त्यामुळे मागच्या दोन आठवड्यांत दिवसा डास चावत होते का, गावाला किंवा बांधकामाच्या जागी जाणे झाले का, हे सांगितल्यास कोणत्या तपासण्या कराव्यात ते ठरवायला मदत होते. तापाच्या पहिल्या ५ दिवसांत डेंग्यूसाठी एनएस-१ तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. थंडी वाजून ताप येत असेल, तर मलेरियासाठीही रक्त तपासावे.

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा. रुग्णाला ताप असेपर्यंत मच्छरदाणीत ठेवा. या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे इतरांना आजार देऊ शकतो.

ताप उतरताना सावध राहा

डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरताना, म्हणजे ३ ते ७ व्या दिवसादरम्यान येतो. "ताप गेला, आता बरा आहे" असे समजून घरचे निर्धास्त होतात. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी रुग्णालयात जा :

- पोटात तीव्र दुखणे
- वारंवार उलट्या
- नाक किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच
- खूप गळून जाणे, अस्वस्थपणा, गुंगी
- हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे
- धाप लागणे

गर्भवती, लहान बाळे, वृद्ध आणि मधुमेही यांनी या लक्षणांची वाट न पाहता तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरात डास दिसत नाहीत म्हणून ताप अंगावर काढू नका.