फुकटच्या सल्ल्याची सत्तर वर्षं

१९७४ साली गिनीज बुकात लता मंगेशकर यांच्या नावावर किमान २५,००० गाण्यांचा विक्रम नोंदला गेला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो आकडा ३०,००० पर्यंत चढला. मोहम्मद रफी यांनी हरकत घेतली, त्यांच्या बाजूने २८,००० चा दावा पुढे आला, आणि मग बरीच वर्षं हे दोन फुगीर आकडे वाढदिवसाच्या लेखांतून आणि मुलाखतींतून एकमेकांशी झुंजत राहिले. भागाकार करून पाहण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. गिनीजने धरलेला १९४८ ते १९७४ हा काळ घेतला, तर २५,००० गाणी म्हणजे सव्वीस वर्षं रोज अडीचहून जास्त गाणी. त्यात रविवार, दिवाळी, आजारपण, परदेश दौरा काहीही वगळायचं नाही. खुद्द लताबाईंनी आपण मोजदाद ठेवलेली नाही असं सांगितलं होतं. हिशेब मांडला तो हौशी श्रोत्यांनी. कानपूरच्या बँकेत नोकरी करणारे हरमंदिर सिंग ‘हमराज’, लताबाईंच्या गाण्यांची सूची करणारे विश्वास नेरूरकर आणि त्यांच्यासारखे वह्या भरणारे आणखी काही लोक. चित्रपटामागून चित्रपट, गाण्यामागून गाणं अशा त्यांच्या याद्यांतून लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली. बाकीच्या भाषांतली गाणी आणि खाजगी गीतं मिळवली तरी पंचवीस हजार कुठल्या कुठे राहतात. १९९१ मध्ये गिनीजने काही कारण न देता ती नोंदच वगळली. पाच हजार हा आकडाही छाती दडपून टाकणारा आहे, ही गोष्ट मात्र या गदारोळात कुणाच्या लक्षात आली नाही.

हौशी लोकांच्या आपसातल्या गप्पांकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. अमुक गाणं कुठल्या रागात, तमुक तबकडी कुठे मिळेल, याची चौकशी एकाने करायची आणि दुसऱ्याने पदरमोड करून उत्तर द्यायचं. यात पैसा नाही, पदवी नाही, मानपत्र नाही. पण गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला तर असं दिसतं, की आपल्या संगीताचं दप्तर सांभाळण्याचं बरंचसं काम या फुकटच्या सल्ल्याने केलं आहे. त्यातली मोलाची गोष्ट मतं ही नव्हती; मतं ढिगाने होती आणि बहुतेक विसरण्याच्या लायकीची होती. मोलाची होती ती एकमेकांना दुरुस्त करण्याची सवय, आणि ती दुरुस्ती पुढच्या माणसाच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवण्याची सोय. या दोन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे गप्पांतून ज्ञान साठलं. एक जरी सुटली तरी मागे नुसत्या गप्पाच उरल्या.

‘महल’ हा १९४९ चा चित्रपट. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. त्या काळच्या रिवाजात हे बसत होतं, आणि कंपनीला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. खरी गायिका कोण, ही विचारणा श्रोत्यांकडून रेडिओकडे होऊ लागली, तेव्हा कुठे लताबाईंचं नाव हवेवर आलं. पुढे १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्र लिहिणाऱ्या श्रोत्यांची एक जमातच तयार झाली. झुमरीतलैयासारखं आडगाव या पत्रांमुळे देशभर ठाऊक झालं. फर्माइशीच्या पत्रांची थट्टा पुष्कळ झाली, आणि निम्म्या पत्रांना ती शोभणारीही होती. पण त्याच जमातीत सिलोनवरच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला वही उघडून बसणारे लोक होते. निवेदकाने सांगितलेलं चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार ते उतरवून घेत आणि थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांशी ताडून पाहत. ‘हमराज’ यांनी अशा लोकांना एकमेकांशी जोडलं. त्यांचं ‘लिसनर्स बुलेटिन’ हे छोटंसं पत्रक आणि १९८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेला ‘हिंदी फिल्म गीतकोश’ यांमागे गावोगावच्या श्रोत्यांची पोस्टकार्डं आहेत. १९३१ च्या ‘आलमआरा’पासून १९८० पर्यंतची गाणी दशकवार खंडांत लावणारा हा कोश बाजूला ठेवून आज हिंदी चित्रपटसंगीतावर जबाबदारीने चार ओळी लिहिणं अवघड आहे.

शास्त्रीय संगीतात या गप्पांचं वजन आणखी जास्त, कारण तिथे कधीकधी गप्पांखेरीज दुसरं काहीच हाती नाही. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्येच सुरू झालं होतं, तरी या दोघांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे आपल्याला कळतं ते शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांनी सांगितलेल्या, लिहिलेल्या वर्णनांतून. ऐकणाऱ्याने तोंड उघडणं किती महत्त्वाचं असतं, याचं ‘घरंदाज गायकी’ हे ठळक उदाहरण. १९६१ साली आलेल्या या पुस्तकाचे लेखक वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. त्यांनी गाण्याची तालीम घेतली होती, पण पोट गाण्यावर नव्हतं. घराण्यांची तुलना स्वर आणि लय यांच्या निकषावर करण्याचं धाडस एखाद्या घराण्याच्या गादीवर बसलेल्याला परवडलं असतं असं वाटत नाही. हौशी माणसाला ते परवडतं, कारण त्याची बिदागी कुणी कापू शकत नाही.

१९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि सुरेश चांदवणकर यांनी पुढे अनेक वर्षं तिचा कारभार वाहिला. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात जे छापून येई, ते बाहेरच्याला वेडगळपणा वाटावा असं होतं. उदाहरणार्थ, तबकडीच्या लेबलाभोवती लाखेत कोरलेला बारीक मॅट्रिक्स क्रमांक. लेबल बदलतं, कंपनी तेच गाणं नव्या क्रमांकाने पुन्हा विकते, पण ध्वनिमुद्रणाचा क्रमांक तोच राहतो. तो वाचता आला, तर मुद्रण कधीचं याचा अंदाज बांधता येतो आणि दोन तबकड्यांवरचं गाणं एकच आहे की वेगळं, हे ठरतं. दुसरा वादाचा विषय वेगाचा. आपण ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे तंतोतंत अठ्ठ्याहत्तर नसे. एखादी तबकडी मिनिटाला ७३ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झाली असेल आणि आपण ती ७८ वर वाजवली, तर काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्याही किंचित वर ऐकू येतं, आणि लयही तेवढीच वाढते. एका पिढीने ज्याला चपळ तान म्हणून नावाजलं, त्यात थोडा वाटा चुकीच्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा असू शकतो. कॅसेटवरून कॅसेट आणि तिच्यावरून तिसरी, अशा उतरत गेलेल्या मैफलींतही हीच गत होई. हे ध्यानात येण्यासाठी दोन माणसांकडे तेच मुद्रण असावं लागतं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणंही असावं लागतं.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याआधीच अमेरिकी विद्यापीठांत शिकणारी भारतीय मुलं यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर गाण्यांबद्दल हमरीतुमरीवर आलेली होती. तिथे हिंदी चित्रपटसंगीताचं दालन वेगळं, शास्त्रीय संगीताचं वेगळं. तारांवरून आवाज पाठवणं तेव्हा जवळपास अशक्य होतं, सगळं काही अक्षरांतच सांगावं लागे. मला वाटतं, या अडचणीनेच त्या चर्चांना धार आणली. गाणं ऐकवता येत नसल्यामुळे ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत कोमल निषाद लागतो, म्हणून हा राग तो नव्हे’ असं मुद्द्याला धरून लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’मुळे रोमन कळफलकावरून टंकलेलं गीत देवनागरीत छापता येऊ लागलं आणि शेकडो गाण्यांचे शब्द लोकांनी स्वखुशीने उतरवून काढले, एकाने ऐकून लिहायचे, दुसऱ्याने चुका काढायच्या. पुढे आवाजाचे तुकडे जोडता येऊ लागल्यावर मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी एकेका रागावर विस्तृत लेख लिहिले. त्यांत उस्तादांच्या मैफलीशेजारी चित्रपटगीत बसवलं होतं, आणि भाषा अशी होती की वाचणारा एकतर खूश व्हावा नाहीतर भांडायला उठावा. मराठी गाण्यांपुरतं बोलायचं तर अलका विभास यांच्या ‘आठवणीतली गाणी’ने कवी, संगीतकार, गायक, राग आणि नाटक वा चित्रपट यांची जी जुळणी केली, ती करायला एखाद्या संस्थेला अनुदान आणि समिती लागली असती.

या सगळ्याला पहिला आक्षेप ठरलेला आहे: हौशी माणसं चुकतात, आणि त्यांची चूक वणव्यासारखी पसरते. खरं आहे. अनवट रागाला सोप्या रागाचं नाव चिकटवलेली, एका गायकाच्या नावावर दुसऱ्याची मैफल खपवणारी मुद्रणं आज हजारो लोक ऐकतात. पण तुलना कशाशी करायची? ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं कंपनीने, आणि पंचवीस हजारांवर शिक्का मारला होता विक्रमांच्या अधिकृत पुस्तकाने. चूक दोन्हीकडे होते. फरक दुरुस्तीच्या वाटेत आहे. छापील आवरणावरची चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे बहुधा कायमची, तशीच राहते. उघड्यावर चाललेल्या चर्चेत खाली कुणीतरी ‘हे अमुक नव्हे, साथीला तमुक आहेत’ असं लिहून जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर देता येत नाही. खाजगी मैफलींची मुद्रणं एकमेकांना देणं हे कलाकाराच्या इच्छेविरुद्ध असू शकतं. केसरबाई केरकर यांचा ध्वनिमुद्रणाबद्दलचा ताठा प्रसिद्ध आहे. आपलं गाणं कुणी, कधी, कुठे ऐकावं हे ठरवण्याचा हक्क त्या सोडायला तयार नव्हत्या. असा हक्क कायद्याने मान्य व्हायला १९९४ उजाडलं, आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ५० वर्षांची झाली. त्याआधीची अनेक मुद्रणं कुणाच्या तरी स्पूलवर, कधी संमतीने, कधी उशीखाली यंत्र लपवून झालेली आहेत. ती नसती तर केवढं तरी गाणं गेलं असतं, हे उत्तर मनाला पटतं, पण न्यायाच्या कसोटीवर ते पुरतं उतरत नाही. एवढंच म्हणता येईल, की मुद्रण वाटणं आणि मुद्रणाबद्दल बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखाचा दावा दुसरीबद्दल आहे.

तिसरा आक्षेप असा, की या मंडळींना जुनं तेवढंच सोनं वाटतं, आणि तानसेन न झालेले हे कानसेन आजच्या गायकांवर उगाच डाफरतात. हा आरोप मान्य करून पुढे जाणं बरं.

गेल्या दहाएक वर्षांत मात्र जे घडलं, त्याने दुरुस्तीची सवय आणि ती दुरुस्ती ठेवण्याची सोय या दोन्ही अटी सैल झाल्या. गप्पा व्हॉट्सॲपच्या गटांत गेल्या. तिथे मुद्रणं पूर्वी कधी नव्हती इतकी सहज येतात. कुणीतरी सकाळी ललत पाठवतो, खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते, दोघेतिघे ‘क्या बात है’ म्हणतात. मुद्रण चढलेलं आहे किंवा राग भलता लिहिला आहे हे ज्याला कळतं तो गप्प बसतो, कारण पाठवणारे काका वडीलधारे असतात आणि गटात शेजारी, व्याही, जुने सहकारी असतात. अनोळखी माणसाशी भांडणं सोपं होतं. एवढं करून कुणी सांगितलंच, तर ते सांगणं दुपारपर्यंत लग्नाच्या फोटोंखाली गाडलं जातं आणि सहा महिन्यांनी तेच मुद्रण त्याच चुकीच्या नावाने परत येतं. यूट्यूबवर निदान शोध घेता येतो. पण एखाद्याचं खातं बंद झालं की ध्वनिमुद्रणासोबत त्याखालच्या सगळ्या दुरुस्त्याही जातात. याउलट यूजनेटचं जुनं दप्तर २००१ मध्ये गूगलने विकत घेतलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे नवं लिखाण घेणं थांबवलं तरी जुनं वाचायला ठेवलं. तेव्हाचे वाद अजून सापडतात. गेल्या वर्षी एखाद्या गटात झालेला वाद कुणाचा तरी फोन बदलला की संपतो.

बंद गटांचं समर्थन म्हणून हक्कांच्या भीतीचं कारण दिलं जातं. नव्या मैफलींपुरतं त्यात तथ्य आहे. पण भारतीय कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणं, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांचा फार मोठा भाग, त्या मुदतीबाहेर गेलेला आहे. गीत आणि चाल यांवरचे हक्क वेगळे, ते कवी-संगीतकाराच्या हयातीवर मोजायचे. आणि ज्यावरून इतकी वर्षं हे लोक एकमेकांशी बोलत आले, तो लेबलाभोवतीचा क्रमांक, तबकडीचा वेग, तबल्यावर कोण होतं याची आठवण, यांवर तर कधीच कुणाचा हक्क नव्हता.