कोलमन थोर की लॉकेट?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की मराठी वाचकाला नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी कसोटी आठवते. पण हिवाळ्यात ते मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं असतं. लंबवर्तुळाकार मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार झाला की गोल, म्हणजे सहा गुण. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम १८९७ चा. १९९० पासून तीच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाते. एवढ्या दीर्घ इतिहासात सर्वांत थोर खेळाडू कोण, या वादात दोन पक्ष हटकून दिसतात. एक म्हणतो, आकडे मांडा, निकाल लागेल. दुसरा म्हणतो, काळ वेगळे, तेव्हा तुलनाच फोल. माझ्या मते दोघेही चुकतात. आकडा खोटं बोलत नाही, पण तो ज्या नियमांखाली जन्माला आला ते विसरलं की त्याचा भलताच अर्थ लागतो.

सर्वाधिक गोल टोनी लॉकेटचे, हे विधान सगळीकडे बिनदिक्कत छापलं जातं. सेंट किल्डा आणि सिडनीकडून २८१ सामन्यांत १३६० गोल. त्याने कॉलिंगवूडच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १२९९ चा विक्रम मोडला. हे खरं आहे, पण फक्त एका लीगपुरतं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये नॉर्थ अॅडलेडच्या केन फार्मरने २२४ सामन्यांत १४१७ गोल केले आणि १९३० पासून सलग अकरा मोसम शंभरी गाठली. अनेक दशकं अॅडलेड, पर्थ आणि मेलबर्नच्या लीग एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. आज जिला राष्ट्रीय लीग म्हणतात ती मेलबर्नच्या लीगमधून वाढली, म्हणून विक्रमाची वहीही तिचीच ठरली. मेलबर्नबाहेरच्या लीग दुय्यम होत्या, असा आक्षेप येतो. मग ग्रॅहॅम ‘पॉली’ फार्मरचं काय करायचं? पर्थमध्ये नाव कमावून तो १९६२ मध्ये मेलबर्नच्या लीगमधल्या जिलाँगला आला. दुसऱ्याच वर्षी जिलाँगने विजेतेपद जिंकलं, आणि हँडबॉल, म्हणजे चेंडू मुठीने ठोसून साथीदाराकडे देणं, हे अडचणीतून सुटण्याचं साधन नसून हल्ल्याचं हत्यार आहे हे त्याने मेलबर्नला दाखवलं. बॅरी रॉब्रन तर अॅडलेड सोडून कधी गेलाच नाही, तरी ऑस्ट्रेलियन हॉल ऑफ फेममध्ये त्याला ‘लेजंड’चा दर्जा आहे.

एकाच लीगमध्ये राहिलो तरी पेच सुटत नाही. १९२५ ते १९३८ या काळात चेंडू सीमेबाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध थेट फ्री किक मिळे. मग कडेने खेळण्याचा धोका कोण पत्करणार? चेंडू मैदानाच्या मध्यातून धावू लागला आणि गोलसमोर उभ्या असलेल्या फुल-फॉरवर्डची चांदी झाली. बॉब प्रॅटचे एका मोसमातले १५० गोल १९३४ चे आहेत. कॉव्हेंट्रीची निम्म्याहून अधिक कारकीर्दही याच काळातली. एसेंडनचा जॉन कोलमन आला १९४९ मध्ये, ही सवलत संपल्यावर. पहिल्याच सामन्यात बारा गोल, पहिल्याच मोसमात शंभर. १९५४ मध्ये पंचविशीत गुडघा गेला तेव्हा त्याच्या नावावर ९८ सामन्यांत ५३७ गोल होते, म्हणजे सामन्याला जवळजवळ साडेपाच. लॉकेटची सरासरी ४.८४. एकूण संख्येत कोलमन लॉकेटच्या निम्म्यालाही पोचत नाही, सरासरीत मात्र पुढे. अर्थात छोट्या कारकिर्दीला उतरणीची वर्षं लागत नाहीत, हेही धरायला हवं.

अलीकडच्या काळातल्या लान्स फ्रँकलिनकडे पाहिलं की हिशेब आणखी उलगडतो. ३५४ सामन्यांत १०६६ गोल, सरासरी तीनच्या आसपास. लॉकेटपुढे हे फिकं वाटतं. पण मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारं कोलमन पदक दोघांनीही चार-चार वेळा पटकावलं. लॉकेटला १९९१ मध्ये त्यासाठी ११८ गोल करावे लागले, फ्रँकलिनला २०१७ मध्ये ६९ पुरले. फ्रँकलिन सोप्या स्पर्धेत खेळला असा याचा अर्थ नाही. सारा संघ मागे येऊन जागा अडवू लागल्यापासून गोल करणंच महाग झालं. २००८ मध्ये फ्रँकलिननेच गाठलेली शंभरी त्यानंतर कुणाला साधलेली नाही. म्हणून माणूस आपल्या वर्षीच्या इतरांपेक्षा किती पुढे होता, हे पाहणं जास्त न्याय्य.

पदकं मोजून थोरवी ठरते, हा गैरसमज लवकर निकालात निघतो. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक १९२४ पासून दिलं जातं, अंपायरांच्या मतांवर. प्रत्येक सामन्यातल्या पहिल्या तिघांना ३-२-१ अशी मतं १९३१ मध्ये आली. १९७६ आणि १९७७ मध्ये दोन अंपायर स्वतंत्रपणे मतं देत, म्हणून ग्रॅहॅम टीसडेलला १९७७ मध्ये ५९ मतं मिळाली. ती संख्या इतर वर्षांशी ताडून पाहणं व्यर्थ. शिवाय बंदीची शिक्षा झालेला खेळाडू अपात्र ठरतो; १९९७ मध्ये ख्रिस ग्रँटला सर्वाधिक मतं मिळूनही पदक गेलं रॉबर्ट हार्वीकडे. ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक तर १९७९ मध्ये सुरू झालं. डस्टिन मार्टिनने ते तीनदा जिंकलं. १९३० च्या दशकात तीन ब्राउनलो मिळवणाऱ्या डिक रेनॉल्ड्सला त्याची संधीच नव्हती.

यावर नेहमीचा आक्षेप असा: जुने खेळाडू नोकरी सांभाळून खेळणारे, आजच्या वेगापुढे ते टिकले नसते. खरं आहे, नसतेच टिकले. पण मग आजच्या खेळाडूलाही १९३० च्या दशकात पाठवा. सामन्याला तीन पौंडांची कमाल मर्यादा, चिखल, आणि एकदा बाहेर गेलात की परत येणं नाही. खेळाडू आत-बाहेर करण्याची मुभा १९७८ मध्ये मिळाली. आज एका संघाला सामन्यात ७५ अदलाबदली करता येतात. वेगाचा मोठा वाटा त्या बाकावरच्या विश्रांतीचा आहे. शिवाय किक, मार्क (लाथाडलेला चेंडू हवेतच झेलणं), हँडबॉल यांची पद्धतशीर मोजणी १९६५ पासूनची, टॅकलची १९८७ पासूनची. रेनॉल्ड्सच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, याची नोंदच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळेच कसून सराव करू लागले की सर्वोत्तम आणि सामान्य यांच्यातलं अंतर आपोआप घटतं. म्हणजे माझं माप जुन्यांच्या पारड्यात झुकतं. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दोन काळांत पाय असलेले खेळाडू मला सर्वांत मोलाचे साक्षीदार वाटतात. हॉथॉर्नचा ली मॅथ्यूज १९६९ ते १९८५ खेळला: आधी राखीव खेळाडूंच्या, मग अदलाबदलीच्या नियमाखाली, आधी एका, मग दोन अंपायरांसमोर. ३३२ सामने, ९१५ गोल, चार विजेतेपदं. १९७५ चं कोलमन पदकही त्याचंच, आणि तो फुल-फॉरवर्ड नव्हता, चेंडूमागे मैदानभर धावणारा रोव्हर होता. ब्राउनलो त्याला एकदाही मिळालं नाही. गोल करणाऱ्यांत मी कोलमनला लॉकेटच्या वर ठेवतो, पण संपूर्ण खेळाडू म्हणून माझं मत मॅथ्यूजला.