आधी आवाजाची बरोबरी

टेबलावर दोन हेडफोन, दोन्ही कान पुरते झाकणारे आणि दोन्ही स्वस्तातले: सुपरलक्सचा एचडी ६८१ आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. ऐकायला एकच रेकॉर्डिंग, विलंबित तीनताल आणि मागे तंबोरा. पहिल्या फेरीत सुपरलक्सने बाजी मारली. डग्ग्याचा घुमारा भरीव, जवारी झळाळती. त्यापुढे दुसरा अगदीच पडेल वाटला.

पण फोनवरचा आवाज मी दोन्ही वेळा एकाच खुणेवर ठेवला होता, आणि गफलत तिथेच झाली. सुपरलक्सचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, ३२ ओम आहे, ऑडिओ-टेक्निकाचा ४७. अडथळा कमी म्हणून प्रवाह जास्त, त्यात त्याची संवेदनक्षमताही थोडी अधिक. त्यामुळे तेवढ्याच खुणेवर तो काही डेसिबलनी मोठा वाजतो. गंमत अशी की एवढासा फरक आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवतच नाही, ‘छान’ म्हणून जाणवतो.

त्याचं एक कारण बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. आवाज हळू असला की आपला कान खर्जाच्या बाबतीत बराच मंद असतो. आवाज वाढवला की खर्ज इतर स्वरांपेक्षा भरभर वर येतो. म्हणजे भरीव डग्ग्याचं निम्मं श्रेय माझ्या कानाचंच होतं.

मग पुठ्ठ्याला कानाएवढं भोक पाडलं, त्यावर एकेक कप बसवला, खाली दुसऱ्या फोनवर आवाज मोजणारं ॲप लावलं आणि दोन्हींची पातळी जुळवली. मोजमाप ढोबळ, पण तुलनेपुरतं चालतं. आता डग्ग्यातला फरक बराचसा विरघळला. उरला तो वरच्या टोकाचा. कोणता स्वर किती जोरात वाजतो हे दाखवणाऱ्या एचडी ६८१च्या आलेखात आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसतो. चाटेवरचा ‘ना’ आणि गायकाचा ‘स’ टोचतो तो त्यामुळेच. जवारीची ती झळाळीही बरीचशी तिथलीच. एम२०एक्स त्या भागात मवाळ आहे.

दुसरी गफलत नाकावर होती: चष्मा. एम२०एक्स बंद पाठीचा आहे. कप आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेवर दाब देऊनच तो खर्ज उभा करतो. चष्म्याच्या काडीने गादीखाली बारीकशी फट पडली तरी तो दाब निसटतो. दोन बोटांनी कप दाबून पाहा, हरवलेला डग्गा लगेच परत येतो. सुपरलक्स अर्धखुला असल्याने त्याची पाठच थोडी झिरपती असते; म्हणून ही फट त्याला कमी नडते, पण बाहेरचा आवाजही आत येतो.

किमतीवरून अंदाज बांधावा, तर तोही फसतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. किंमत आणि स्वरांचा समतोल यांच्यात त्याला संबंध सापडला नाही.

जुळवलेल्या पातळीवर तासभर ऐकल्यावर माझा कौल फिरला. आता रात्री चष्मा काढून ठेवतो, आणि हात पहिल्या फेरीत हरलेल्या हेडफोनकडे जातो.